फ्लोरिडातलं घर, मागचं तळं आणि मगर : या चुका टाळा

फ्लोरिडात घर घेताना मागे तळं असलं की मंडळी खूश होतात, त्यासाठी चार पैसे जास्तही मोजतात. हे तळं बहुतेक वेळा पावसाचं पाणी साठवायला बिल्डरने खणलेलं असतं. त्यात मगर आहे असं धरूनच तिथे राहायला हवं. राज्यात सुमारे १३ लाख अ‍ॅलिगेटर (इथली मगरीची जात, पुढे तिलाच मगर म्हटलंय) आहेत आणि ६७ पैकी एकही काउंटी, म्हणजे जिल्हा, त्यातून सुटलेली नाही.

त्या मानाने माणसांवर हल्ले फार कमी होतात. डॉक्टरकडे जावं लागेल असे चावे वर्षाला साधारण आठ. त्यामुळे दारं लावून घरात बसायची गरज नाही. मात्र मगर आपलं भक्ष्य आकार बघून निवडते. सहा फुटी बाप्याच्या वाटेला ती सहसा जात नाही, पण दोन वर्षांचं मूल आणि घरातला कुत्रा तिच्या नेहमीच्या शिकारीएवढेच असतात.

‘आमच्या तळ्यात कधी दिसली नाही’

सगळ्यात घातक समजूत हीच. ही तळी बऱ्याचदा पाइपांनी एकमेकांना जोडलेली असतात. शिवाय मगर जमिनीवरूनही एका तळ्यातून दुसऱ्यात जाते, विशेषतः एप्रिल ते जून या विणीच्या काळात. काल रिकामं असलेलं तळं आज रिकामं असेलच असं नाही. पाण्यात ती असते तेव्हा वर दिसतात फक्त डोळे आणि नाकपुड्या, त्याही वाळक्या फांदीसारख्या. रात्री घरातून टॉर्च मारली तर डोळे लाल चमकतात. तसे दिसले तर मगर आहे हे पक्कं, पण काही दिसलं नाही म्हणून ती नाही असं समजू नका.

काठावर सोडलेलं मूल

सांगलीकडे कृष्णेत मगरी आहेत, पण तिथे लोकांच्या डोक्यात धोका म्हणजे नदीत उतरणं. इथे खोल पाण्यात न उतरताही, अगदी काठाशीही धोका असतो. १४ जून २०१६ ला ऑरलँडोजवळ डिस्नेच्या रिसॉर्टमधल्या कृत्रिम तळ्याकाठी, रात्री नऊच्या सुमारास, दोन वर्षांच्या मुलाला मगरीने ओढून नेलं. मूल घोटाभर पाण्यात होतं आणि वडील जवळच होते. ते धावले, मगरीशी झटले, तरी मूल वाचलं नाही. तिथे पोहायला मनाई करणारी पाटी होती, मगरीचा उल्लेख नव्हता. कुंपण आणि मगरीची सूचना देणाऱ्या पाट्या नंतर आल्या.

‘मी बघतोय ना’ एवढं म्हणून भागत नाही, ते यासाठी. लहान मुलाचा हात धरलेला हवा आणि काठापासून दहा फूट तरी लांब राहायला हवं. अंधार पडल्यावर तर तिथे जाऊच नये, कारण संध्याकाळपासून पहाटेपर्यंत मगर जास्त हालचाल करते. उन्हाळ्यात अधिकच, कारण ८२ ते ९२ अंश फॅरनहाइट हे तिचं आवडतं तापमान. भारतातून आलेले आजी-आजोबा नातवंडांना घेऊन नेमके संध्याकाळी तळ्याकाठी फेरी मारायला निघतात. त्यांना पहिल्याच दिवशी हे समजावून सांगा. चेंडू पाण्याकडे गेला तर तो गेला, हे मुलांनाही पाठ करून ठेवा.

कुत्र्याला काठाकाठाने फिरवणं

कुत्र्याचं भुंकणं आणि पाण्यातली खळबळ मगरीला बोलावून घेते. फेब्रुवारी २०२३ मध्ये फोर्ट पिअर्सजवळच्या वसाहतीत कुत्र्याला तळ्याकाठी फिरवताना ८५ वर्षांच्या आजींचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. पट्टा आखूड ठेवा, लांब सुटत जाणारा नको. मनगटाला गुंडाळू तर मुळीच नका. कुत्र्याला तळ्यात पाणी पिऊ देऊ नका, पोहायला सोडू नका. घराच्या मागे जाळीचं कुंपण असलं तरी मगर त्यावर चढू शकते, म्हणून रात्री कुत्र्याला एकट्याने बाहेर सोडू नका.

खाऊ घालणं आणि विसर्जन

मगरीला खाऊ घालणं फ्लोरिडात गुन्हा आहे. आपण तसं मुद्दाम करत नाही, पण बदकांना, कासवांना पोळीचे तुकडे टाकतो, मासे साफ करून उरलेलं पाण्यात लोटतो. त्या खाण्यावर मगरही येते आणि माणूस दिसला की खायला मिळतं हे शिकते. मग तिला माणसाची भीती उरत नाही.

गणपतीचं तर खास लक्षात ठेवा. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत मगरीची अंडी फुटतात आणि आई पिलांजवळ पहारा देत असते. नेमक्या त्याच दिवसांत आपण मुलंबाळं घेऊन, बहुधा संध्याकाळी, नैवेद्य-निर्माल्यासह तळ्यावर जातो. शाडूची मूर्ती घरी बादलीत किंवा टबात विसर्जित करा. बाप्पाला त्यात काही कमी पडत नाही. काठाला वीतभर लांबीचं, पिवळ्या पट्ट्यांचं पिलू दिसलं तर मुलांना हात लावू देऊ नका. ते ओरडलं की आई धावून येते.

मगर दिसल्यावर

हुसकावायला दगड मारू नका, फोटोसाठी जवळ जाऊ नका. चार फूट किंवा त्याहून मोठ्या मगरीपासून माणसाला किंवा पाळीव प्राण्याला धोका वाटत असेल तर राज्याच्या वन्यजीव विभागाच्या ८६६-३९२-४२८६ या मदत क्रमांकावर कळवा. पकडलेली मगर लांब कुठेतरी सोडत असतील, असा गैरसमज आहे. बहुतेकदा तिला मारलं जातं. म्हणजे आपण टाकलेली पोळी शेवटी तिच्याही जिवावर येते.

मगर जमिनीवर मागे लागली तर नागमोडी पळायचं, असं कुणीतरी सांगतंच. त्याने वेळ जातो. पाण्यापासून लांब, सरळ पळा. तिने पकडलंच तर गप्प राहू नका. ओरडा, डोळ्यांवर आणि नाकाडावर जोरात मारा. पकड बदलायला ती क्षणभर जबडा सैल करते, तेव्हा निसटता येतं. कुत्र्याला पकडलं म्हणून पाण्यात उडी घेऊ नका, ९११ ला फोन लावा. चावा छोटा दिसला तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, कुत्र्याला असेल तर जनावरांच्या डॉक्टरकडे, कारण या जखमा फार लवकर चिघळतात.