पेडियाट्रिक्स रेसिडेन्सीचा अर्ज आम्ही कसा वाचतो

अमेरिकेतल्या पेडियाट्रिक्स रेसिडेन्सीचे, म्हणजे बालरोगाच्या पदव्युत्तर प्रशिक्षणाचे, अर्ज मी वाचते, मुलाखतीही घेते. ‘स्टेप १’ ही USMLE या अमेरिकी वैद्यकीय परवाना परीक्षेची पहिली पायरी जानेवारी २०२२पासून फक्त पास-नापास आहे. आकडा दिसतो तो स्टेप २चा. सप्टेंबरमध्ये अर्ज जाण्याआधी ती परीक्षा उरकून घ्या. गुणांनी अर्ज चाळणीतून सुटतो, एवढंच.

मी सगळ्यात जास्त वेळ देते शिफारसपत्रांना. ‘हुशार, मेहनती’ वाचून काहीच कळत नाही. रडणाऱ्या दोन वर्षांच्या मुलाला आईच्या मांडीवरच ठेवून तुम्ही कान कसा तपासला, घाबरलेल्या आईला ताप कसा समजावला, हे लिहिणारं पत्र मी पुन्हा वाचते. म्हणून पत्र मागा ते वॉर्डात तुम्हाला मुलांबरोबर पाहिलेल्या डॉक्टरांकडे. मोठं नाव असलेले, पण तुम्हाला न ओळखणारे नकोत.

पर्सनल स्टेटमेंटमध्ये ‘मला मुलं आवडतात’ सगळेच लिहितात. त्यापेक्षा एकाच रुग्णाबद्दल लिहा, ओळख पटेल असे तपशील टाळून.

मुलाखतीनंतर रँक लिस्ट, म्हणजे प्रोग्रॅम्सची क्रमवार यादी, मनापासूनच्या पसंतीनेच लावा. उमेदवारांच्या आणि प्रोग्रॅम्सच्या याद्या जुळवून जागा ठरवण्याची पद्धत म्हणजे मॅच; त्याचं गणित उमेदवाराच्या पसंतीपासून सुरू होतं. कोण आपल्याला घेईल याचा अंदाज बांधून क्रम बदललात तर नुकसान तुमचंच. जिथे जायचंच नाही तो प्रोग्रॅम यादीत घालू नका, कारण मॅच बंधनकारक असतो.