पीसी चालूच होत नाहीये? एसएमपीएसवर (म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायवर) खापर फोडायच्या आधी एवढं जवळ घेऊन बसा

आधी सामान काढून ठेवा, म्हणजे मल्टिमीटर, फिलिप्सचा स्क्रू ड्रायव्हर, मोबाइलचा टॉर्च, एक जेमक्लिप, जुना कॅबिनेट फॅन किंवा हार्ड डिस्क आणि शक्य असेल तर दुसरी चालू असलेली पॉवर कॉर्ड. मल्टिमीटर नसेल तर तो उसना आणा, त्याच्याशिवाय सगळा नुसता अंदाजपंचे कारभार होतो.

आता बाहेरून आत या. भिंतीवरच्या बोर्डाच्या त्याच सॉकेटमध्ये दुसरं काहीतरी लावून बघा, कॉर्ड बदला, सप्लायच्या मागचा छोटा स्विच चालू आहे ना ते बघा (हसू नका, बऱ्याचदा तोच बंद असतो). मग कॉर्ड काढून पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा आणि पुन्हा लावून चालू करा, कधीकधी एवढ्यावरच भागतं. एकदा माझी सगळी संध्याकाळ सप्लाय काढण्या-घालण्यात गेली आणि शेवटी कॅबिनेटचं बटणच अडकलेलं निघालं, तेव्हापासून मी आधी मदरबोर्डवरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना ड्रायव्हरने क्षणभर टेकवून बघतो.

त्यानेही काही नाही झालं तर मीटर घ्या. पीसी बंद पण कॉर्ड लावलेली असताना सप्लायमधून मदरबोर्डात जाणाऱ्या २४ पिनच्या मोठ्या कनेक्टरवर जांभळ्या वायरला ५ व्होल्ट आलेच पाहिजेत, तो स्टँडबाय सप्लाय, म्हणजे पीसी बंद असतानाही चालू राहणारा. शून्य दाखवत असेल तर २४ पिन मदरबोर्डमधून काढून परत मोजा, आता ५ आले तर बहुधा सप्लाय नाही, मदरबोर्ड किंवा त्याला लावलेलं काहीतरी शॉर्ट आहे.

यापुढे जेमक्लिप. कॉर्ड काढा, सप्लायच्या सगळ्या वायरी पीसीपासून सोडवा, जुना फॅन किंवा डिस्क लोड म्हणून लावा, २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर शेजारच्या काळीला जेमक्लिपने जोडा (म्हणजे सप्लाय बोर्डाशिवायही चालू होतो) आणि मगच करंट द्या. सगळ्या वायरी काळ्या असतील तर हिरवीच्या जागी १६ नंबरची पिन, पण ती डायग्राम बघूनच शोधा, डोक्याने मोजू नका. आणि सप्लायचा फॅन फिरला नाही म्हणून लगेच तो मेला असं समजू नका, काही मॉडेलमध्ये लोड कमी असताना फॅन थांबलेलाच असतो. उलटंही तेवढंच खरं, फॅन फिरला म्हणजे सप्लाय चांगला असंही नाही. आकडे बघा, पिवळी ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.१४ ते ३.४७ व्होल्ट. राखाडी वायरवर साधारण ५ व्होल्ट यायला हवेत, कारण ‘पॉवर ठीक आहे’ हा निरोप त्या वायरवरून मिळाल्याशिवाय बोर्ड सुरूच होत नाही. अर्थात हे सगळं जवळपास बिनलोडचं, खऱ्या लोडवर तोच सप्लाय मान टाकू शकतो, त्यामुळे खात्रीचा दुसरा सप्लाय लावून बघणं केव्हाही चांगलं. मॉड्युलर, म्हणजे वायरी काढता-घालता येणारा सप्लाय असेल तर त्याच्या वायरीही त्याच्याच वापरा, दिसायला सारख्या असल्या तरी दुसऱ्या मॉडेलच्या लावून पार्ट जाळून घेऊ नका.

फॅन फिरतात पण स्क्रीन काळी? प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनची वायर बघा. सेकंदभर चालू होऊन बंद पडत असेल तर ग्राफिक्स कार्ड, डिस्का, यूएसबी सगळं काढून फक्त बोर्ड, प्रोसेसर, कूलर आणि एक रॅम ठेवा, बोर्डाखाली एखादा जादा स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर बसतो तो छोटा खुंटा) किंवा पडलेला स्क्रू टेकतोय का तेही बघा.

आणि सप्लायचा डबा मात्र उघडायचा नाही, आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज असू शकतो, कॉर्ड काढल्यावरसुद्धा.