ओहोटीला पुळणीवर गोल्फ: चौघांत काय खेळायचं आणि पैज कशाची लावायची

गुहागरला गोल्फ कोर्स नाही. रायगडात खारघरला सिडकोचं आहे, पण तिथे उठून जायचं म्हणजे अख्खा दिवस गेला. पण ओहोटीला पाणी मागे गेलं की जी ओली घट्ट पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, उघडी पडते ना तिच्यावर बॉल असा सरळ पळतो की बघत राहावं, म्हणून मे महिन्यात आणि दिवाळीत सगळे घरी जमले की आम्ही तिथेच खेळतो. चौघं असतात, कधी सहा, त्यात एखादाच नीट खेळणारा आणि बाकीचे वर्षातून दोनदा काठी हातात धरणारे. अशा ग्रुपला नुसते फटके मोजत बसलात तर तिसऱ्या होलला निम्मी मंडळी सुरूच्या सावलीत जाऊन बसतात. म्हणून डाव असा निवडायचा की सगळ्यात कच्चा खेळाडूसुद्धा शेवटच्या होलपर्यंत जिंकू शकेल.

आधी वेळ बघा. आमच्याकडे जुनी माणसं भरतीचा हिशोब तिथीवरून करतात, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. म्हणजे बीज असेल तर दोनाची पाऊणपट दीड, साधारण दीडला भरती आणि सकाळी साडेसातच्या सुमाराला ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच. पौर्णिमा-अमावास्येनंतरची बीज-तीज आम्हाला सगळ्यात बरी पडते, उधाणाचे दिवस असल्याने पाणी लांब मागे जातं आणि ओहोटी ऊन चढायच्या आत मिळते. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत पाणी फार सरकतच नाही, जागा अरुंद पडते. ओहोटीच्या तासभर आधी सुरू करा आणि तासाभरानंतर आवरा.

होलसाठी करवंटी. खऱ्या गोल्फचा होल सव्वाचार इंच रुंद असतो, मोठ्या नारळाची करवंटी त्याच्या जवळपास जाते. डोळ्यांकडची अर्धी घ्यायची, मऊ डोळा खिळ्याने फोडायचा आणि काठोकाठ वाळूत बसवायची, म्हणजे आतलं पाणी झिरपून जातं, नाहीतर बॉल आत पडून तरंगतो आणि पडला की नाही यावरच भांडण. बाजूला काठी आणि लाल फडकं. होलभोवती चार पावलांचं वर्तुळ पायाने आखा, ते ग्रीन. बॉल मात्र मऊ फोमचाच वापरा. खरा गोल्फ बॉल ४५ ग्रॅमचा कडक गोळा असतो, कोणाच्या डोक्यात बसला तर काय होईल विचार करा, पुळणीवर पोरं खेळत असतात. वरच्या कोरड्या वाळूत तर जायचंच नाही, थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत तिथे कासवांची अंडी असू शकतात.

आता डाव. पहिल्यांदा खेळणारे जास्त असतील तर स्क्रॅम्बल, दोघा-दोघांच्या जोड्या, दोघांनी मारायचं, ज्याचा बॉल चांगल्या जागी तिथूनच पुढचा फटका दोघांनी मारायचा. एवढंच. आतेबहिणीने पहिल्याच दिवशी असा एक फटका मारला की पुढचे दोन होल ती आणि तिचा जोडीदार हवेत होते.

आमचा सगळ्यात लाडका डाव बिंगो बँगो बोंगो. प्रत्येक होलला तीन पॉइंट, पहिला ज्याचा बॉल आधी ग्रीनवर येईल त्याला, दुसरा सगळ्यांचे बॉल ग्रीनवर आल्यावर ज्याचा होलच्या सगळ्यात जवळ त्याला, तिसरा जो आधी बॉल आत टाकेल त्याला. एक नियम काटेकोर पाळा, होलपासून ज्याचा बॉल लांब त्याने आधी मारायचं. त्यामुळेच कच्च्या खेळाडूला संधी मिळते, तो मागे राहिलेला असतो म्हणून ग्रीनवर यायचा पहिला प्रयत्न त्याचा. हा नियम ढिला सोडलात की चांगला खेळणाराच तिन्ही पॉइंट उचलून नेतो.

बरोबर चौघं असाल तर वुल्फ, म्हणजे लांडगा. आमच्याकडे रात्री माळावर कोल्हेकुई चालते म्हणून आम्ही त्याला कोल्हाच म्हणतो. प्रत्येक होलला एक जण कोल्हा, पाळीपाळीने. बाकीचे एकेक करून पहिला फटका मारतात आणि प्रत्येक फटक्यानंतर, पुढच्याने मारायच्या आत, कोल्ह्याने सांगायचं की हा माझा जोडीदार की नाही. मागचा बरा होता असं नंतर म्हणता येत नाही. तिघेही नाकारले तर एकटा विरुद्ध तिघं. कोल्हा आणि जोडीदार जिंकले तर दोघांना दोन-दोन, समोरची जोडी जिंकली तर त्यांना तीन-तीन, एकटा कोल्हा जिंकला तर चार आणि हरला तर बाकी तिघांना एक-एक. बरोबरी झाली तर कोणालाच काही नाही. नऊ होलपैकी पहिल्या आठांत प्रत्येकाच्या दोन-दोन पाळ्या होतात, नववा होल सगळ्यात मागे असलेल्याला कोल्हा म्हणून द्या, तो एकटा खेळून वर येऊ शकतो.

स्किन्समध्ये प्रत्येक होलची वेगळी पैज, एकटा जिंकला तर त्याची, बरोबरी झाली तर पुढच्या होलवर जमा. पहिले दोन बरोबरीत गेले तर तिसऱ्यावर तीन शहाळी लागलेली असतात आणि मग पुटिंगला, म्हणजे ग्रीनवरून होलात ढकलायच्या फटक्याला, सगळे श्वास रोखून उभे. नासाऊ तुम्ही ऐकलं असेल, अमेरिकेतल्या लाँग आयलंडवरच्या नासाऊ क्लबचं नाव लागलेला डाव, पहिले नऊ होल, शेवटचे नऊ आणि एकूण अशा तीन पैजा. तो १८ होलच्या कोर्सवर खेळा, पुळणीवर भरती तेवढा वेळ देत नाही.

स्टेबलफोर्ड मात्र जरूर करून बघा. डॉक्टर फ्रँक स्टेबलफोर्ड यांची ही पद्धत इंग्लंडमधल्या वॉलसी क्लबवर १९३२ मध्ये खेळली गेली आणि तिथून सगळीकडे पसरली. पार म्हणजे त्या होलला ठरलेले फटके, त्याला दोन पॉइंट, एक फटका कमी म्हणजे बर्डी, तिला तीन, दोन कमी म्हणजे ईगल, त्याला चार, एक फटका जास्त झाला तर एक, त्याहून जास्त तर शून्य. शून्य झालं की बॉल उचलायचा आणि पुढे चालायचं, दहा-दहा फटके मारत कोणी अडकून पडत नाही. पुळणीवर पार आपणच ठरवायचा, आम्ही सगळे होल चारचे धरतो. लहानपणी खेळात कच्चं लिंबू असायचं, खेळायचं पण मोजायचं नाही, मला ते कधीच आवडलं नाही. नवख्याला प्रत्येक होलला एक फटका सूट द्या आणि पूर्ण मोजा.

पैज कशाची? पैसे लावू नका, हे मी अगदी मनापासून सांगतोय. एका दिवाळीला आम्ही होलला शंभर रुपये लावले, शेवटी हिशोबात गोंधळ झाला आणि घरातले दोन जण तुळशीच्या लग्नापर्यंत एकमेकांशी बोलत नव्हते. त्यानंतर पैज फक्त खायची, शहाळं, कोकम सरबत, भजी, आणि सगळा डाव हरला तर सुरमईचं ताट. हरलेलाही सोबत बसून खातो ना.

बारीक पैजांत साप ठेवाच. हातभर काथ्याची दोरी घ्या, ज्याला ग्रीनवर तीन पुट लागले त्याच्या गळ्यात. पुढच्याला तीन लागेपर्यंत ती तशीच, मान खाजते पण काढायची नाही, आणि नवव्या होलनंतर ज्याच्या गळ्यात असेल तो सगळ्यांना चहा देणार. कोर्सवर सँडी नावाची पैज असते, वाळूच्या खड्ड्यातून काढून पार केला की पॉइंट, पुळणीवर तिला अर्थ नाही. त्याऐवजी लाटेने ओढलेला बॉल पकडून तिथून पार केला तर एक शहाळं असं आम्ही ठेवलंय. पाणी घोट्याच्या वर असेल तर मात्र बॉल सोडून द्या आणि लाटेने बाहेर टाकला की उचला.

पॉइंट एकानेच मोबाईलवर लिहावेत आणि प्रत्येक होलनंतर मोठ्याने वाचावेत. निघताना खड्डे पायाने दाबून बुजवा, संध्याकाळी लोक तिथे धावतात. बॉल आणि करवंट्या मोजा, नऊ नेल्या तर नऊ परत आल्या पाहिजेत, आणि पाणी चढतंय म्हणून समुद्राकडच्या आधी काढा.