डेस्कटॉप अ‍ॅपसाठी स्वतःचा कलर पिकर कसा बनवावा

कलर पिकर म्हणजे रंग निवडायचं साधन. त्याचा तयार डायलॉग विंडोज, मॅकओएस, क्यूटी (अ‍ॅपच्या खिडक्या-बटणं बनवायचं टूलकिट) सगळ्यांकडे आहे. सेटिंग्जमध्ये क्वचित बदलायचा एखादा रंग असेल तर तोच वापरा, उगाच नवा घाट घालू नका. पण चित्रं, नकाशे किंवा आलेख काढण्याच्या अ‍ॅपमध्ये माणूस सतत रंग बदलत असतो. दर वेळी डायलॉग उघडून ‘ओके’ दाबायला लावलं की तो वैतागतो. तिथे पॅनेलमध्येच बसणारा आपला पिकर हवा. खालची पद्धत डब्ल्यूपीएफ, क्यूटी, जावाएफएक्स अशा कुठल्याही टूलकिटमध्ये चालते.

पायरी १ : रंग कशात साठवायचा ते ठरवा

निम्मे बग इथेच जन्माला येतात. स्क्रीनला आरजीबी (लाल, हिरवा, निळा यांचे आकडे) लागतं, म्हणून बरेच जण रंग आरजीबीतच साठवतात आणि पिकर रंगवताना त्यावरून एचएसव्ही काढतात : ह्यू म्हणजे रंगछटा, सॅच्युरेशन म्हणजे रंगाची शुद्धता, व्हॅल्यू म्हणजे उजळपणा. मग होतं असं, की वापरणाऱ्याने निळा निवडला, पिकरच्या चौकोनातला ठिपका ओढत काळ्यापर्यंत खाली नेला, परत वर आणला आणि निळ्याच्या जागी लाल उगवला. काळ्याचे तिन्ही आकडे शून्य, त्यातून आधीचा ह्यू काढणार कुठून? क्यूटीमधला क्यूकलर तर काळ्या-करड्या रंगांसाठी ह्यू म्हणून सरळ −१ हातात ठेवतो.

म्हणून कंट्रोलच्या, म्हणजे आपल्या पिकरच्या, आत एचएसव्हीच ठेवा आणि तेही दशांशात : ह्यू ० ते ३६०, सॅच्युरेशन आणि व्हॅल्यू ० ते १. आरजीबी फक्त बाहेर देताना मोजायचं. बाहेरून आरजीबी आलं, तर आधी पाहा की हातातल्या एचएसव्हीवरून तेच आरजीबी निघतंय का. निघत असेल तर कशालाही हात लावू नका. एवढ्या एका तपासणीने दुतर्फी बाइंडिंगमधली (अ‍ॅप आणि पिकर एकमेकांना रंग कळवत राहतात, त्या जोडणीतली) ठिपक्याची थरथरही थांबते. आलेला रंग करडा असेल तर जुना ह्यू तसाच राहू द्या. काळा असेल तर सॅच्युरेशनही.

पायरी २ : पट्टी आणि चौकोन रंगवा

एकेक पिक्सेल मोजत बसायची गरज नाही. ह्यूच्या पट्टीला सात थांब्यांचा ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणारा पट्टा) पुरतो : लाल, पिवळा, हिरवा, सायन, निळा, मजेंटा आणि पुन्हा लाल. दर ६० अंशांत एकच चॅनेल (लाल, हिरवा किंवा निळ्याचा आकडा) सरळ रेषेत बदलतो, त्यामुळे हा ग्रेडियंट अंदाजपंचे नसून अचूक असतो.

चौकोनाला दोन थर द्या. खालचा थर डावीकडून उजवीकडे, पांढऱ्यापासून निवडलेल्या ह्यूच्या शुद्ध रंगापर्यंत. त्यावर दुसरा, वरून खाली, पारदर्शकापासून काळ्यापर्यंत. इथे एक खोच आहे : डब्ल्यूपीएफमधला तयार ‘ट्रान्सपरंट’ हा प्रत्यक्षात पारदर्शक पांढरा आहे. तो वापरलात तर चौकोनावर धुरकट झाक येते. शून्य अल्फाचा, म्हणजे पूर्ण पारदर्शक, काळा स्वतः लिहा.

पायरी ३ : आरजीबी काढा

व्हॅल्यू आणि सॅच्युरेशनचा गुणाकार म्हणजे क्रोमा. समजा ह्यू २००, सॅच्युरेशन ०.५, व्हॅल्यू ०.८. क्रोमा आला ०.४, आणि व्हॅल्यूतून तो वजा केल्यावर उरलेले ०.४ तिन्ही चॅनेलांना सारखे मिळतात. २०० अंश हा सायन (१८०) आणि निळा (२४०) यांच्या मधला, म्हणजे निळ्याला पूर्ण क्रोमा, लालला काहीच नाही. हिरवा १८० ते २४० मध्ये उतरत जातो. २४० ला अजून ४० अंश बाकी, म्हणून त्याला दोन-तृतीयांश क्रोमा. २५५ ने गुणून पूर्णांक केले की लाल १०२, हिरवा १७०, निळा २०४. तुमच्या फंक्शनची पहिली टेस्ट हीच लिहा.

पायरी ४ : माउस आणि कीबोर्ड

आडवी जागा भागिले रुंदी म्हणजे सॅच्युरेशन. १ वजा उभी जागा भागिले उंची म्हणजे व्हॅल्यू. बटण दाबताच माउस कॅप्चर करा, नाहीतर कर्सर चौकोनाबाहेर गेला की ड्रॅग तुटतो. क्यूटी हे आपणहून करतं, डब्ल्यूपीएफमध्ये सांगावं लागतं. बाहेर गेलेले आकडे ० आणि १ च्या आत आवळा, कारण शुद्ध रंग कोपऱ्यात असतो आणि तिथे पोचायला लोक मुद्दाम बाहेरपर्यंत ओढतात.

इव्हेंट (पिकरने अ‍ॅपला द्यायच्या सूचना) दोन ठेवा : ओढताना ‘बदलतोय’, बटण सोडल्यावर ‘बदलला’. अन्‌डूमध्ये फक्त दुसरा नोंदवा. एकच इव्हेंट ठेवलात तर एका ड्रॅगसाठी वापरणाऱ्याला कंट्रोल-झेड दाबत बसावं लागेल.

बाणांच्या कळांनी एक टक्का, शिफ्टसह दहा टक्के सरकू द्या. ठिपक्याला पांढरं आणि त्याबाहेर काळं अशी दोन कडी काढा, म्हणजे तो कुठल्याही रंगावर उठून दिसतो.

पायरी ५ : हेक्सची चौकट

हेक्स म्हणजे आरजीबीचे आकडे सोळाच्या पायात लिहिलेला कोड. पुढे हॅश असो-नसो, दोन्ही चालवून घ्या. तीन अक्षरांचा कोड आला तर प्रत्येक अक्षर दुप्पट करा : ‘६एसी’ म्हणजे ‘६६एएसीसी’, वरच्या उदाहरणातलाच रंग. मात्र टायपिंग सुरू असताना मजकूर बदलू नका. एंटर दाबल्यावर किंवा फोकस सुटल्यावरच तो वाचा.

अल्फा हवा असेल तर आणखी एक पट्टी, मागे बुद्धिबळाच्या पटासारखे करडे-पांढरे चौकोन. आयड्रॉपर (स्क्रीनवरचा कुठलाही रंग उचलायचं साधन) मात्र शेवटी घ्या, तो प्रत्येक सिस्टिमवर वेगळा लिहावा लागतो : मॅकवर १०.१५ पासून एनएसकलरसॅम्पलर मिळतो, तर वेलँडवर (लिनक्सची खिडक्या दाखवणारी यंत्रणा) अ‍ॅपला इतर विंडोंचे पिक्सेल थेट वाचता येत नाहीत, तिथे रंग डेस्कटॉप पोर्टलकडून मागून घ्यावा लागतो.