कावळा शिवेपर्यंतची कथा

जुन्या-नव्या विचारांच्या संघर्षावरची कथा बहुधा पहिल्याच पानावर बिघडते, कारण लेखक एका बाजूला शहाणी नात आणि दुसऱ्या बाजूला हट्टी आजोबा बसवून दोघांकडून अग्रलेख वदवून घेतो. संघर्ष दोन माणसांत नव्हे, एकाच माणसात मांडावा. १८९० साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधल्या चहापानावरून ज्यांच्यामागे ग्रामण्य (जातीबहिष्काराचा वाद) लागले, त्यांत न्यायमूर्ती रानडेही होते आणि टिळकही, आणि सुधारकांचे अग्रणी असूनही रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले. वाद कसा झाला ते इतिहासात सापडते. प्रायश्चित्ताच्या आदल्या रात्री घरात काय बोलणे झाले असेल, ही कथाकाराची जागा.

म्हणून आधी मत निवडू नये, कृती निवडावी, आणि तिला वेळेची मुदत असावी. समजा, वडिलांना वैकुंठ स्मशानभूमीत मुलीनेच अग्नी दिला आहे आणि आज दहावा दिवस आहे. ओंकारेश्वरापाशी नदीकाठी पिंड मांडला आहे, कावळे पिंपळावर बसून आहेत, पण एकही खाली उतरत नाही. मुलीचा यावर काडीचाही विश्वास नाही. तरीही अर्धा तास उलटल्यावर, आत्याचे लक्ष नाही असे पाहून, ती ओठांतल्या ओठांत पुटपुटते, ‘बाबा, आईला मी माझ्याकडे नेते.’ एवढ्या एका वाक्यात तिची बुद्धी, तिचा अपराधभाव आणि आईचा न विचारलेला होकार असे सगळेच येते. त्यावर लेखकाने एक शब्दही भाष्य करू नये.

जुन्या बाजूला तिचे खरे कारण द्यावे. आत्याला कावळा हवा असतो तो शास्त्रासाठी कमी आणि भावाची कसली इच्छा राहून गेली या भीतीपोटी जास्त. गुरुजींना ढोंगी करण्याचा मोह टाळावा (तो फार स्वस्त पडतो); पुढच्या यजमानाची वेळ झाल्यामुळे त्यांनी हळूच घड्याळ पाहिले, तरी ते पुरेसे जिवंत होतात. संवादांतून ‘अंधश्रद्धा’ आणि ‘परंपरा’ हे दोन्ही शब्द काढून टाकावेत, कारण घाटावर कोणी तसे बोलत नाही. तिथे ‘काय राहिलं असेल गं त्याचं?’ एवढेच ऐकू येते.

शेवटाची अडचण मात्र खरी आहे. माझ्या पहिल्या खर्ड्यात कावळा वेळेवर आला आणि कथा तिथेच मेली, कारण लेखकाने श्रद्धेच्या बाजूने निकाल दिला होता. तो आलाच नसता, तर निकाल उलटा लागला असता. दुसऱ्या खर्ड्यात गुरुजींनी रिवाजाप्रमाणे दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला, सगळे पाय धुवायला निघाले, आणि पायरीवर मागे राहिलेल्या मुलीने आईला फोन लावला.