पूररेषेतील बदलावर स्थानिक संस्थेचा अभिप्राय कसा लिहावा

पूररेषा (पुराचे पाणी कुठवर येऊ शकते हे दाखवणारी नकाशावरील रेषा) नव्याने आखण्याचा, नदीकाठी भिंत किंवा भराव घालण्याचा अथवा धरणातून पाणी सोडण्याच्या पद्धतीत फेरफार करण्याचा प्रस्ताव आला, की महापालिका, कॅन्टोन्मेंट बोर्ड किंवा ग्रामपंचायत यांनी त्यावर आपले म्हणणे लेखी मांडायला हवे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ‘हरकत नाही, नियमानुसार कार्यवाही व्हावी’ एवढ्यावर टिप्पणी संपते. प्रस्ताव तपासणाऱ्याला अशा अभिप्रायाचा उपयोग नसतो, आणि पुढे पाणी घरांत शिरले की तोच कागद संस्थेच्या विरोधात वाचला जातो. पुण्यापुरते बोलायचे तर पुढील क्रमाने मसुदा केल्यास तो टिकतो.

प्रथम कोणता निर्णय कोणाच्या हातात आहे, हे वेगळे करून घ्यावे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणसाखळीतील पाणी व पूररेषेची आखणी हा जलसंपदा विभागाचा विषय आहे. मुळा नदीवरील मुळशी धरण टाटा पॉवरकडे आहे. विकास आराखडा आणि बांधकाम परवानगी महापालिकेकडे असते. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, तर त्याच अधिनियमाच्या कलम 41 प्रमाणे स्थानिक संस्थेचीही स्वतंत्र कर्तव्ये आहेत. म्हणून प्रत्येक मागणी स्वतंत्र परिच्छेदात, ज्याने ती पुरी करायची त्याचे नाव घालून लिहावी. सर्वांना उद्देशून केलेली मागणी कोणीच आपली मानत नाही.

आता मुख्य भाग. साधारणतः 25 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा म्हणजे निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा म्हणजे लाल रेषा. नदीपात्रापासून निळ्या रेषेपर्यंतचे क्षेत्र निषेधक आणि निळ्या ते लाल रेषेमधले नियंत्रित मानले जाते. खडकवासल्याखाली शहरातून वाहणाऱ्या मुठा नदीसाठी या रेषांमागे अनुक्रमे 60,000 आणि 1,00,000 क्युसेक (सेकंदाला इतके घनफूट पाणी) हे आकडे धरले जातात. मात्र 25 जुलै 2024 च्या पहाटे खडकवासल्यातून सुमारे 35,000 क्युसेक विसर्ग असताना सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी घरांत शिरले. आकडा निळ्या रेषेच्या बराच खाली होता, पाणी मात्र तळमजल्यावर होते. धरणाखालच्या मुक्त पाणलोटातून, म्हणजे ज्याचे पाणी धरणात न अडता थेट नदीत येते त्या भागातून, येणारे पाणी विसर्गाच्या आकड्यात धरलेले नसते, आणि राडारोडा व भराव यांमुळे पात्राचा काटछेद (पाणी वाहायला मिळणारी आडवी जागा) आकसला, तर तेवढाच विसर्ग अधिक उंचीवरून वाहतो. अभिप्रायात म्हणूनच नुसत्या क्युसेकवर वाद घालू नये. ‘इतक्या विसर्गाला अमुक ठिकाणी पाण्याची पातळी किती मीटर’ हा प्रश्न धरून बसावे.

त्यासाठी विठ्ठलवाडी, राजाराम पूल, म्हात्रे पूल, भिडे पूल, संगम आणि बंडगार्डन अशी पाच-सहा ठिकाणे निवडून प्रत्येकाची चार गोष्टींची नोंद करावी: यापूर्वी किती विसर्गाला पाणी कुठवर आले होते, प्रस्तावानुसार ते कुठवर येईल, त्या पातळीखाली किती घरे आहेत आणि बाहेर पडण्याचा कोणता रस्ता तेव्हा कोरडा राहील. सर्व उंची एकाच संदर्भतलापासून, म्हणजे मोजणीच्या एकाच आधार-पातळीपासून, मोजलेल्या असाव्यात; हे न पाहिल्यामुळे चांगली टिप्पणी हास्यास्पद ठरू शकते. रहिवाशांची छायाचित्रे जोडताना तारीख आणि वेळ दोन्ही हवीत, कारण धरणातून सुटलेले पाणी शहरात पोचायला काही तास लागतात आणि तो अवधी न धरता जुळवलेला आकडा चुकीचा निघतो. प्रस्तावामागील काटछेद व गणिते मिळाली नसतील, तर ती माहिती अधिकारात मागवावीत आणि त्यांच्याविना अभिप्राय अपुरा राहत असल्याचे पहिल्याच पानावर नमूद करावे.

दोन गल्लती टाळाव्यात. 12 जुलै 1961 च्या पुराच्या खुणा अनेक जण पुरावा म्हणून देतात, पण तो पानशेत फुटल्याने आलेला पूर होता. पावसाच्या पुराची रेषा त्यावरून ठरत नाही. दुसरे, 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने माणसे आणि घरे वाहून नेली, ती ढगफुटीसारख्या पावसामुळे. धरणाच्या विसर्गाचा त्याच्याशी संबंध नव्हता. नदी चढली की ओढ्याचे पाणी मागे फुगते, हा मुद्दा मात्र नदीच्या अभिप्रायात यायलाच हवा. ओढ्यांसाठी वेगळे प्रकरण घालावे.

पूर्वसूचनेविषयी ‘वेळेवर कळवावे’ असे लिहिण्यापेक्षा विसर्ग वाढवण्यापूर्वी किती तास, कोणी, कोणाला आणि रात्री कशाच्या साहाय्याने कळवायचे, हे लिहावे. भोंगा कोणत्या चौकात वाजेल, हेही ठरलेले असावे.

विकास आराखड्यातील फेरबदल महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खाली असेल, तर हरकती-सूचनांसाठी नोटिशीपासून एक महिनाच मिळतो. त्यामुळे नकाशे आणि नोंदी आधीच तयार ठेवाव्यात. अभिप्राय ठरावाने मंजूर करून नकाशासह सादर करावा, प्रत्येक मुद्द्याला क्रमांक देऊन त्यावर मुद्देनिहाय लेखी उत्तर मागावे, आणि पोच घेताना आवक क्रमांक व तारीख दोन्ही वाचता येतात ना, हे खिडकीपाशीच पाहून घ्यावे.