लहान मुलांना हॉटेलात जेवायला न्यायचंय? मग ऑर्डर दिल्यानंतरची वीस मिनिटं सांभाळा

"हॉटेलात कसं वागायचं ते मुलांना घरूनच समजावून न्या" असं सांगणाऱ्यांनी तीन वर्षांचं पोर घेऊन कधी टेबलावर बसून बघितलेलं नसावं. पोराला समजतं हो सगळं, पण भूक लागलेली आणि समोर टेबल रिकामं असलं की त्यातलं काहीही आठवत नाही. मी लिहितेय ते साधारण दोन ते पाच वर्षांच्या मुलांबद्दल.

झोप झालेली असावी, गर्दीची वेळ टाळावी, जास्तीचे कपडे घ्यावे, हे तुम्हाला माहितीये. फक्त "तिथे जेवायचंय ना" म्हणून पोराला उपाशी नेऊ नका, घरून दोन घास खाऊन निघू दे, तिथे कमी जेवलं तरी चालेल.

टेबल कोपऱ्यातलं घ्या आणि मुलाला भिंतीच्या बाजूला बसवा, कारण वाटेच्या कडेला बसलेल्या मुलाच्या डोक्यावरून वेटर गरम भांडी नेत असतात. उंच खुर्ची मिळाली तर पट्टा लावाच. सुऱ्या आणि गरम वाट्या हात पोचणार नाही इतक्या लांब. टेबलक्लॉथ असेल तर काढायला सांगा, एकदा ओढला की सगळंच खाली येतं.

आता मुख्य भानगड. ऑर्डर दिली की जेवण यायला वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात, मोठी माणसं गप्पांत रमतात आणि पोराला करायला काहीच नसतं. बहुतेक रडारड इथेच होते आणि लोक म्हणतात मूल हट्टी आहे. मलाही जमत नव्हता तो हाच टप्पा.

पहिलं म्हणजे हा वेळच कमी करा. मेनू आधी बघून ठेवा, मुलाची ऑर्डर बसल्याबसल्या द्या आणि लवकर होईल ते आधी आणा असं वेटरला स्पष्ट सांगा. पण आलेलं सगळं एकदम वाढू नका. पोराचं दहा मिनिटांत खाऊन झालं तर तुमची ताटं येतील तेव्हा ते खुर्चीवरून उतरायच्या बेतात असेल, म्हणून अर्धं वाढा, अर्धं बाजूला ठेवा.

दुसरं, खेळण्यांची वेगळी पिशवी. ती फक्त बाहेर जेवायला जातानाच निघाली पाहिजे, घरी रोज हातात असलेली खेळणी इथे पाच मिनिटंही टिकत नाहीत. आणि सगळं एकदम टेबलावर ओतायचं नाही, एक काढा, कंटाळा दिसला की ते आत टाकून दुसरं. माझ्या अनुभवात स्टिकरला तोड नाही, छोट्या बोटांना त्याचा कोपरा सोलायलाच इतका वेळ लागतो, मग तो अर्धा फाटतो, मग तो नखाला चिकटतो, मग नखाचा काढून वहीत लावायचा. गडगडणारं काही नेऊ नका, नाहीतर पूर्ण वेळ टेबलाखाली वाकून चेंडू शोधत बसाल. तोंडात जाईल असं बारीकही काही नको.

तिसरं, फेरी, आणि इथे बरेच जण चुकतात. रडल्यावर उचलून बाहेर नेलं की पोर एकच शिकतं, रडलं की बाहेर जायला मिळतं. त्याआधी उठा. खुर्चीला लाथा सुरू झाल्या, पाण्याच्या ग्लासात बोटं गेली, गुडघ्यांवर उभं राहून मागच्या टेबलाकडे तोंड वळलं की समजा वेळ झाली. एकाने मुलाला बाहेर चक्कर मारून आणायची, दुसऱ्याने टेबल सांभाळायचं आणि जेवण आलं की फोन करायचा.

मोबाइल? सुरुवातीला अजिबात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, पण ते सोडा, माझी अडचण साधी आहे, जेवण आल्यावर तो काढून घ्यावा लागतो, म्हणजे जी रडारड टाळायची होती ती नेमकी गरम ताटं समोर असताना होते. आणि काढून नाही घेतला तर पोर न बघता नुसतं गिळत राहतं. द्यायचाच असेल तर त्याचं खाऊन झाल्यावर द्या, आवाज बंद करून, तुमचं उरलेलं जेवण होईपर्यंत.

"नीट बस, नीट बस" करू नका, नीट म्हणजे काय ते त्या वयात कळत नाही. "पाय खाली", "माझ्या कानात सांग" असं सांगा, ते जमतं. "वेटरकाका रागावतील" तर बंदच करा, त्या बिचाऱ्याचा काय संबंध? आणि "आता घरी जाऊ हं" हे खरंच उठायची तयारी असेल तरच म्हणा.

एवढं करूनही पोराने भोकाड पसरलंच तर उचलून बाहेर न्या, कमी बोला, शांत झालं की परत या. नाही झालं तर जेवण पार्सल घ्या, लोक बघतात तर बघू देत.

जेवण आल्यावर फार काही करावं लागत नाही, पोर खातं किंवा चिवडतं. बिल मात्र तुमचं ताट अर्धं असतानाच मागून ठेवा, कारण पोट भरलेलं पोर बिल येईपर्यंत बसत नाही आणि तोवर पिशवीतलंही सगळं संपलेलं असतं.